आपण हरलो

आपल्या मराठी वर्गाच्या बाईंनी यंदा फर्मान काढले, "अंकात नेहमी मुलांनीच का लिहायचे? पालकांनीही लिहावे!" कॉलेज सोडल्यापासून मी मराठीत वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेले नाही. पोटासाठी लिहितो ती संगणकाची भाषा, आणि तिच्यात काना-मात्रा नसतात. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका बाईंनी पोटात घालाव्यात. विषय मात्र शोधावा लागला नाही, तो घरातच घडला.

१७ जून २०२५, मंगळवार. ऑइलर्स आणि फ्लोरिडा पँथर्स यांच्यातल्या स्टॅन्ली कप फायनलचा सहावा सामना. त्याआधीचे दोन आठवडे तुम्हा सर्वांना आठवत असतीलच. गाड्यांवर झेंडे, शाळेत नारिंगी-निळ्या जर्सी, ऑफिसात कामापेक्षा हॉकीवरच चर्चा जास्त. पहिल्या सामन्यात ड्राइसाइटलने ओव्हरटाइममध्ये गोल मारून आपल्याला जिंकून दिले. चौथ्या सामन्यात आपण ०-३ असे मागे पडलो आणि तरीही ५-४ असे जिंकलो, शेवटचा गोल पुन्हा त्याचाच. १९९३ साली मॉन्ट्रियलने कप जिंकला, त्यानंतर कॅनडातल्या एकाही संघाला तो मिळालेला नाही. या वर्षी मिळणार, असे आमच्या चिरंजीवांनी जाहीर करून टाकले होते.

तेव्हा माझी आई मिरजेहून आमच्याकडे आली होती. तिला हॉकीतले काही कळत नाही. "एवढी भांडणं करतात आणि पंच बघत उभे राहतात, हा कसला खेळ?" हा तिचा नेहमीचा प्रश्न. पण घरात मॅच आहे म्हटले की तिच्या हाताला एक सवय आहे. ती शिऱ्यासाठी रवा भाजायला घेते. जिंकल्यावर तोंड गोड करायला.

शिरा तयार झाला, पण सामना हातातून गेला. ५-१! पँथर्सच्या रायनहार्टने एकट्याने चार गोल मारले. आपला एकुलता एक गोल झाला तेव्हा खेळ संपायला पाच मिनिटेही उरली नव्हती. चिरंजीव अकरा वर्षांचे. २०२४ साली याच पँथर्सकडून आपण सातवा सामना २-१ असा हरलो होतो, तेव्हा तो उशीत तोंड खुपसून रडला होता. पण त्या वेळी आपण ०-३ अशा पिछाडीवरून सलग तीन सामने जिंकून तिथवर आलो होतो. हरलेल्या संघात असूनही मॅकडेव्हिडला प्लेऑफ्समधल्या सर्वोत्तम खेळाडूचे बक्षीस मिळाले होते. त्या रडण्यात अभिमान होता. या वेळी त्याच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. तो उठला, खोलीत गेला आणि जर्सी व काळा मार्कर घेऊन आला.

जर्सी चौऱ्याहत्तर नंबरची, गोली स्टुअर्ट स्किनरची. खरे तर त्याला सगळ्या मुलांसारखी मॅकडेव्हिडची सत्त्याण्णव नंबरची हवी होती. मीच म्हटले होते, "अरे, स्किनर इथे एडमंटनमध्येच जन्मलेला आहे. आपल्या गावचा मुलगा आपल्या गावच्या संघाचा गोली, यापेक्षा छान काय?" त्याने आमच्यासमोर जर्सी जमिनीवर पसरली आणि पाठीवरच्या नावावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड काळी रेघ ओढली.

"बाबा, तुझ्या स्किनरनं घालवली!"

मी जे बोलायला नको तेच बोललो. "खेळात हार-जीत व्हायचीच" इथपासून "जर्सीला किती डॉलर पडले माहीत आहे का" इथपर्यंत! तो म्हणाला, "तुला काय माहीत कसं वाटतं ते!"

आई शिऱ्याच्या वाट्या घेऊन दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "त्याला चांगलं माहीत आहे, बाळा. कलकत्त्याच्या मॅचच्या रात्री काय केलं होतंस, ते सांग की रे त्याला."

एकोणतीस वर्षांत तिने हा विषय एकदाही काढला नव्हता. मला वाटत होते, ती विसरली.

मग मला सांगावेच लागले. ते इथेही लिहितो.

मार्च १९९६. मी आठवीत होतो. आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही आमच्याकडे, त्यामुळे वर्ल्ड कपच्या प्रत्येक मॅचला सहा-सात पोरे आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलेली असत. त्यात माझा एक जिवलग मित्र होता. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची जुनी घरे आहेत, त्यांतल्या एका घरातला. त्याच्या घरी वाळवलेले भोपळे ओळीने टांगलेले असत आणि आम्ही त्यांच्यावर टिचक्या मारून बोलणी खात असू. तो मुसलमान आहे ही गोष्ट मला माहीत होती, पण ती लक्षात ठेवण्यासारखी कधी वाटली नव्हती.

शनिवारी, ९ मार्चला, बंगलोरला क्वार्टर फायनलमध्ये भारताने पाकिस्तानला ३९ धावांनी हरवले. आम्ही सातही जण सतरंजीवर नाचलो. "आपण जिंकलो! आपण जिंकलो!" सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता. कप्तान अझरुद्दीन त्या रात्री सगळ्यांचा होता.

चार दिवसांनी, बुधवारी १३ तारखेला, ईडन गार्डन्सवर श्रीलंकेशी सेमीफायनल. अझरने टॉस जिंकून फील्डिंग घेतली. श्रीलंकेचे दोन्ही ओपनर पहिल्याच षटकात गेले आणि आम्ही फायनलच्या गप्पा सुरू केल्या. पण अरविंद डिसिल्वा उभा राहिला आणि त्यांनी २५१ केल्या. आपला सचिन खेळत होता तोवर सारे ठीक होते. १ बाद ९८ असताना सचिन ६५ वर यष्टिचीत झाला आणि पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे झाले. अझर शून्यावर गेला. बघता बघता ८ बाद १२०. बावीस धावांत सात जण! प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली. शेवटी सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी खेळ थांबवून सामना श्रीलंकेला दिला. विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला, हे चित्र माझ्या वयाच्या कोणाही मराठी माणसाला विचारा, तो सांगेल.

आमच्या खोलीत कोणी बोलत नव्हते. छातीत काहीतरी दाटले होते आणि ते कुठेतरी ओतायचे होते. मी मित्राकडे वळून म्हणालो, "तुमच्या अझरनं घालवली."

मुलांनो, माझे वाक्य एवढेच. यात एकही शिवी नाही. पण 'तुमच्या' या शब्दाने काय केले, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळले. शनिवारी जो सतरंजीवर 'आपण' मध्ये होता, त्याला मी बुधवारी एका शब्दाने उचलून बाहेर ठेवले. बाकीच्या पाच जणांपैकी कोणी हसले नाही, आणि कोणी मला अडवलेही नाही. तो उठला. चपला पायात सरकवल्या. आईने आतून हाक मारली, "अरे, शिरा केलाय, खाऊन जा!" तो म्हणाला, "पोट भरलंय काकू." आणि गेला.

आईने सारे ऐकले होते. रात्री ती एवढेच म्हणाली, "उद्या जाऊन त्याला म्हण, चुकलो."

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तो नेहमीसारखा बोलला, म्हणून मी समजलो की मिटले. दहावीपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो. पण तो पुन्हा कधी आमच्याकडे मॅच पाहायला आला नाही. पुढे मी इंजिनियरिंगला गेलो, तो वडिलांच्या कामात शिरला, आणि मग कॅनडा. असो.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग त्याने विचारले, "पण तू 'तुमचा' का म्हणालास? तो तर इंडियाचा होता ना?"

मला याचे उत्तर देता आले नाही. ते मला काही दिवसांनी आपल्या वर्गातच मिळाले! बाई 'आम्ही' आणि 'आपण' शिकवत होत्या. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून आपली मुले इथे अडखळतात. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटले तर ऐकणारा उपाशी राहतो. 'आपण जेवायला जाऊ' म्हटले तर त्यालाही पान वाढलेले असते. मागच्या बाकावर बसून ऐकताना मला वाटले, जिंकल्यावर 'आपण' म्हणायला काय लागते? 'आपण' ची परीक्षा हरल्यावर असते.

हे केवळ माझ्या मनाचे खेळ नव्हेत. रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कॉलेजच्या फुटबॉल संघाने सामना जिंकला की सोमवारी विद्यार्थी कॉलेजच्या नावाचे कपडे जास्त घालून येत. आणि सामन्याविषयी विचारले की, जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना 'आपण' हा शब्द हरलेल्यापेक्षा अधिक वेळा तोंडी येई. म्हणजे विजय आपला आणि पराभव त्यांचा! फायनलनंतरच्या सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांवरचे झेंडे उतरलेले होते. रात्रीत वारा सुटला नव्हता.

आमच्या धंद्यात याला एक उतारा आहे. रात्री दोन वाजता एखादी सिस्टीम बंद पडली की दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र बसतात. नियम असा की 'कोणी केले' हा प्रश्न विचारायचा नाही. 'काय झाले, आणि ते आधी कोणालाच कसे दिसले नाही' हे विचारायचे. हा नियम दयाबुद्धीतून आलेला नाही. एकाला दोषी धरले की बाकीचे शोधणे थांबवतात आणि खरा बिघाड तसाच राहतो. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याच एका चुकीने अख्ख्या टीमची रात्र गेली होती. माझे वरिष्ठ तेव्हा माझ्या शेजारी पहाटेपर्यंत बसले आणि सारखे "आता आपण काय करू या?" एवढेच विचारत राहिले. त्यांची भाषा इंग्रजी होती, पण मला तो 'आपण' ऐकू आला.

म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही बाप-लेक कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आपण हरलेले सामने चार. दुसरा ४-५, तोही दोन ओव्हरटाइमनंतर. तिसरा १-६. पाचवा २-५. सहावा १-५. पाचव्यात तर स्किनरऐवजी पिकार्ड जाळीपुढे होता, तरी आपण हरलोच. सहाव्यातल्या पाच गोलांपैकी शेवटचे दोन रिकाम्या जाळीत गेले. (आजीसाठी खुलासा: हरत असलेला संघ शेवटी गोलीला बाहेर काढून एक जादा हल्लेखोर आणतो, तेव्हा जाळी उघडी पडते.) म्हणजे त्या रात्री स्किनरवर झाले तीन गोल. आणि तिसरा, पाचवा, सहावा या तीन सामन्यांत मिळून आपण मारले किती? चार!

चिरंजीवांनी पेन्सिल चावत आकड्यांकडे पाहिले. "म्हणजे गोल मारणारे पण हरले."

"आणि पँथर्स चांगले खेळले," मी म्हणालो. ही शक्यता आपल्याला नेहमी सर्वांत शेवटी सुचते. श्रीलंकाही १९९६ साली चांगलीच खेळली होती. चारच दिवसांनी लाहोरला ऑस्ट्रेलियाला हरवून तिने वर्ल्ड कप जिंकला.

मग मी त्याला स्टीव्ह स्मिथची गोष्ट सांगितली. एडमंटनला जुने लोक ती अजून सांगतात. नव्या पालकांसाठी इथे देतो. ऑइलर्सनी १९८४ आणि १९८५ असे लागोपाठ दोन कप जिंकले होते. ३० एप्रिल १९८६ रोजी एडमंटनमध्ये कॅल्गरी फ्लेम्सशी सातवा सामना. गुण २-२. स्मिथ हा बचावफळीतला नवखा खेळाडू, ग्लासगोत जन्मलेला, म्हणजे आपल्यासारखाच बाहेरून आलेला. त्या दिवशी त्याचा तेविसावा वाढदिवस. आपल्याच जाळीच्या बाजूने त्याने पक पुढे ढकलला, तो आपलाच गोली ग्रँट फ्यूर याच्या पायाला लागून आपल्याच जाळीत गेला. स्मिथ बर्फावर कोसळला. सामना ३-२ असा गेला आणि सलग तिसरा कपही. साऱ्यांनी बोट दाखवले ते स्मिथकडे. पण हिशोब करा. तो गोल झाला तेव्हा साडेचौदा मिनिटांहून अधिक खेळ शिल्लक होता. संघात ग्रेट्स्की होता, मेसिए होता, कुरी होता. कोणालाही एक गोल करता आला नाही.

पुढच्या वर्षी, ३१ मे १९८७ रोजी, ऑइलर्सनी पुन्हा कप जिंकला. कप्तान ग्रेट्स्कीने तो उचलला, आणि त्यानंतर सर्वांत आधी कोणाच्या हातात दिला? स्टीव्ह स्मिथच्या! 'आपण' या शब्दाचा अर्थ मला यापेक्षा चांगला सांगता येणार नाही, आणि ग्रेट्स्कीला मराठी येत नाही.

गोष्ट संपल्यावर आई म्हणाली, "त्याला सांगितलंस ते बरं झालं. आता ज्याला सांगायचं त्याला सांग."

मिरजेतल्या एका वर्गमित्राकडून नंबर मिळवला. आपल्याकडे रात्रीचे नऊ, तिकडे सकाळचे साडेआठ. फोन लावण्याआधी मी दोनदा पाणी प्यालो. चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि हाताला घाम!

"काय मर्दा, एवढ्या वर्षांनी!" आवाज जाड झाला होता, पण तोच. मुलांची चौकशी झाली, थंडीची झाली, त्याच्या कारखान्याची झाली. मग मी कसेबसे म्हणालो, "कलकत्त्याची मॅच आठवते? त्या रात्री मी जे बोललो, ते चुकलं माझं."

पलीकडे कानस घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"कांबळी रडला होता," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "काकूंच्या हातचा शिरा राहिला बघ खायचा. तेवढंच आठवतंय."

तेवढेच आठवत नसणार, हे मला कळले. मला सोडवायला तो तसे म्हणाला, हेही कळले. मी फोन आईकडे दिला. ती पंधरा मिनिटे बोलत होती. शेवटचे वाक्य, "पुढच्या महिन्यात येते आहे मी, तेव्हा घरी ये." ती परत गेल्यावर तो आला, बायको-मुलांना घेऊन. आईने शिरा केला. त्या दिवशी कुठलीही मॅच नव्हती.

जर्सीचे काय झाले, असे काहींनी विचारले. आजीने ती लिंबू आणि मीठ लावून घासली. रेघ फिकट झाली, पण गेली नाही. चिरंजीव आता तशीच घालतात.

१ नोव्हेंबर २०२५ ला टोरंटोचा ब्लू जेज संघ वर्ल्ड सीरीजच्या सातव्या सामन्यात डॉजर्सकडून अकराव्या इनिंगमध्ये ५-४ असा हरला. १९९२ आणि १९९३ नंतरचा कप अगदी हातातोंडाशी आला होता. नवव्या इनिंगमध्ये आपला काइनर-फलेफा तिसऱ्या बेसवरून धावत निघाला आणि होम प्लेटवर अगदी थोडक्यात बाद झाला. एक पाऊल आधी पोहोचला असता तर जिंकलोच होतो! पुढच्या वर्गाला मुले त्याच्यावर तोंडसुख घेत होती. मी कोट काढत दारात उभा होतो. आमचे चिरंजीव म्हणाले, "आपण हरलो. त्याच्या आधी आणि नंतर पण चान्स होते आपल्याकडे." मराठी थोडी कच्ची आहे, पण 'आपण' बरोबर जागी पडला होता.

डिसेंबरमध्ये ऑइलर्सनी स्किनरला पिट्सबर्गला पाठवून दिले. व्यवहार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बातमी ऐकून चिरंजीव थोडा वेळ खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो तर इथलाच आहे ना, बाबा? उन्हाळ्यात येईल घरी."

मुलांनो, ऑइलर्स पुढेही कधीतरी हरतील. तुमचे आई-बाबा तुम्हाला सांगतील की खेळात हार-जीत होतेच. ते ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका. टीव्ही बंद केल्यावर खोलीत नजर टाका, आणि आपल्या तोंडून 'तुझा', 'तुमचा', 'त्यांचा' असा कुठला शब्द बाहेर पडतो आहे का, ते बघा. पडलाच, तर दुसऱ्याच दिवशी जाऊन 'चुकलो' म्हणून या. एकोणतीस वर्षे लावू नका.

आणि पालकहो, शिरा आधीच करून ठेवा. हरल्यावरही तो सगळ्यांना पुरला पाहिजे.